नलूची काचेची काडी

लालबाग,
नागपंचमीचा दुसरा दिवस, १९८७

चि. उत्तम यास,

आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, कारण एकदा सुरू झाले की मला मध्ये थांबता येत नाही. तुझी लेक नलू केसाहून बारीक काचेची काडी बनवते, ती जिवंत पेशींच्या अंगाशी नेऊन धरते आणि त्यांच्याभोवतीचं पाणी किती आंबलं ते मोजते. काल हे मी सगळ्या चाळीला सांगितलं. तू सुरतेला आहेस म्हणून तुला एक दिवस उशीर, नाहीतर पहिला तूच.

पेशी म्हणजे काय ते मला आता चांगलं ठाऊक आहे. कापड जसं सुताचं, तसं अंग पेशींचं. नलूच्या लॅबोरेटरीत त्या अंगाबाहेर, चपट्या बाटलीत वाढवतात. आत गुलाबी पाणी असतं, त्यातच त्यांचं खाणं. पेशी तळाला चिकटून बसतात, खातात, एकीच्या दोन होतात आणि आंबट टाकतात. पाणी आंबलं की गुलाबीचं पिवळं होतं. मी म्हटलं, मग झालं की, रंग बघायचा नि ओळखायचं. तर म्हणते, "आजी, पिवळं दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. आणि रंग दिसतो तो अख्ख्या बाटलीचा. मला बघायचंय पेशीच्या पायाशी काय चाललंय, आत्ताच्या आत्ता." कॅन्सरच्या पेशी म्हणे चांगल्या पेशींपेक्षा जास्त आंबट टाकतात. त्या कधी टाकायला लागतात आणि किती, हे कळलं तर पुढं औषधवाल्यांना उपयोग होईल. होईलच असं नाही, असंही ती म्हणाली, पण ते मी चाळीत सांगितलं नाही.

शेजारची चंपा, तीच आपली मासे विकणारी, मला म्हणते, "शेवंते, दही लागलं की नाही ते बघायला तुझी नात एवढी शिकली?" मी म्हटलं, "हो, आणि तू बांगडा ताजा की शिळा ते बघायला अजून नाकच लावतेस." आज सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. संध्याकाळी बोलेल. तिच्या घरात मीठ नेहमी संपलेलं असतं.

बकुळाचं पत्र मिळालं, त्यात तुझा निरोपही. दिवाळीपर्यंत नलूची जागा पक्की झाली तर ती इथं राहील, नाही झाली तर तिनं सुरतेला यायचं, मुलगा बघून ठेवलाय. मिलचा संप मोडणाऱ्याच्या घरात माझी मुलगी राहायला नको, असं तू म्हणालास, तेही तिनं लिहिलं. सुनेनं सगळं सरळ लिहावं असं मीच तिला शिकवलं होतं, त्याचं फळ.

आणि त्या घरच्या माणसाचं नाव पत्रात दिसलं की तू पत्र तिथंच घडी घालून ठेवतोस म्हणे. तेव्हा मी त्याला शेजारी म्हणेन. पाच वर्षं तू ज्या धाकट्या भावाशी बोलला नाहीस, तो शेजारी. माझ्या पोटचा आहे, माझ्याच खोलीत जेवतो, पण पत्रापुरता शेजारी. आता वाच पूर्ण.

तुझी आई


नारळी पौर्णिमा

उत्तमा,

काल मी लॅबोरेटरीत जाऊन आले. मी, चौथी शिकलेली. दारावरच्या वॉचमनला सांगितलं, माझी नात आत साहेब आहे. तो म्हणाला, कोण? मी म्हटलं, नलू. म्हणाला, मग सरळ जा, बाई रोज माझ्याआधी येतात.

चपला दारात काढायला लावल्या, ते ठीक. मग हात साबणानं धुवायला लावले, वरून स्पिरिट चोळायला लावलं, अंगावर पांढरा डगला, डोक्याला फडकं. मी म्हटलं, आमच्या गावच्या देवळातलं सोवळं एवढं कडक नव्हतं. नलूच्या वरच्या बाई आहेत, राजलक्ष्मी मॅडम, त्या हसून म्हणाल्या, "आजी, इथं बाहेरचा एक जंतू आत शिरला तर सगळ्या पेशी त्याच्या पोटात." मी पदर तोंडावर घेतला तो बाहेर येईपर्यंत काढला नाही.

मग त्या बारीक बघायच्या यंत्राच्या नळीतून खाली बघायला सांगितलं. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. नलू म्हणाली, डोळा जरा लांब धर. धरला, आणि दिसल्या रे. चटईवर तांदळाचे पापड वाळत घालावेत तशा, एकीला एक टेकून, मध्ये प्रत्येकीला एक ठिपका. जिवंत. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. आणि वरून एक काळी सावली हळूहळू उतरली, सुईसारखी, टोकाला टोक दिसेना. ती आपली काडी. नलू बाजूचा स्क्रू फिरवत होती, श्वास धरून. मीही धरला. मॅडमनीही धरला असावा, कारण खोलीत कुणाचाच आवाज नव्हता.

काडी ती स्वतः बनवते. काचेची बारीक नळी मधोमध तापवते, काच लाल झाली की दोन्ही बाजूंनी ओढते, गुळाचा पाक ओढतो तशी. तिची तार निघते, तार तुटते, आणि तुटलेलं टोक म्हणजे काडी. आत खारं पाणी भरायचं. बुडबुडा राहिला तर काडी वाया. मागं वायर, वायर यंत्राला, आणि यंत्राचा काटा सरकत्या कागदावर रेघ काढतो. सातच्या खाली रेघ गेली की आंबट. आपलं रक्त सातच्या जरा वर असतं, हेही मी विचारून घेतलं. तुझंही तेवढंच असणार, तू कितीही आंबट बोललास तरी.

आता जे सांगायचं नाही असं ठरवलं होतं ते सांगते. रेघ सरळ येत नाही. थरथरते. थोडा वेळ बरी चालते आणि मग अशी हलते की जणू काढणाऱ्याला हिवताप भरलाय. काडीचं टोक हललं की पेशीत घुसतं, पेशी मरते, टोक मोडतं, पुन्हा पहिल्यापासून. दसरा झाला की दिल्लीहून तपासणारे साहेब येणार. पेशी तळाला बसल्यापासून पाणी आंबेपर्यंतची एक अखंड रेघ त्यांना दाखवायची आहे. दाखवली तर नलूची जागा तीन वर्षं पक्की. नाही दाखवली तर तुझा सुरतेचा मुलगा.

मुलगा चांगला असेल. मी काही म्हणत नाही. पण त्या काडीकडे बघताना मी नलूचा चेहरा पाहिलाय. तुझा होता तसाच, पहिल्यांदा कापडाचा तागा घरी दाखवायला आणला होतास तेव्हा.

तुझी आई


गौरी-गणपती पाठवल्यावर

उत्तमा,

कळलं. थरथर का होते ते कळलं. नलूनंच शोधून काढलं आणि ते अशा वेळी की मी भात वाढत होते, पळी हातातच राहिली.

त्याआधीचं सांगते. गणपतीत मुलगी आरतीला उभी राहायची पण ओठ हलत नव्हते. शेजाऱ्यानं विचारलं काय झालं, तिनं सांगितलं, टेबल हलतं. हा दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याकडून स्कूटरच्या जुन्या ट्यूबा मागून घेऊन आला. त्यात हवा भरायची, वर जड फरशी, फरशीवर यंत्र. मॅडमना आधी ते पटेना, मग म्हणाल्या, परदेशात पण असंच काहीतरी करतात, फक्त त्याला किंमत असते. थरथर निम्मी झाली. गेली नाही.

मग परवा. आम्ही तिघं जेवायला बसलेलो. नलूनं घास उचलला, खाली ठेवला आणि म्हणाली,

"काका, सोमवारी तुमचं खातं बंद असतं?"

"असतं. का?"

"आणि जेवणाच्या सुट्टीत साचे थांबतात?"

"थांबतात. अगं का?"

"म्हणजे माझी रेघ तू हलवतोस."

तुळशीदासचा घास तोंडातच राहिला. लॅबोरेटरीच्या भिंतीपलीकडंच मिलचं खातं, तिथं ते कापड विणायचे साचे धडधडतात, जमिनीतून ते इकडं येतं, आपल्याला कळतही नाही, पण केसाहून बारीक काडीला कळतं. नलूनं सगळे जुने कागद लावून पाहिले. सोमवारची रेघ तळ्यातल्या पाण्यासारखी. बाकीचे दिवस हिवताप. आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत तेवढा उतार.

"मी काय मुद्दाम हलवतो का," तो म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण तोंड अगदी पाचवीतल्या पोरासारखं झालं.

"नाही रे काका. पण तू थांबलास की माझ्या पेशी सुखात असतात."

"सगळ्यांचंच तसं आहे," असं म्हणाला आणि आमटी मागितली. मग आम्ही तिघंही हसलो. फार दिवसांनी.

वर नाव लिहून गेले बघ. खोडलं असतं, पण खोडलं की कागद घाण दिसतो. आणि तू इथवर वाचलंसच आहेस तर आता घडी कशाला घालतोस? तुळशीदास. लिहिलं पुन्हा. काही झालं का तुला?

भिंतीला लागून जी रांग आहे ना, ती तुझी होती. संपानंतर त्याला तीच दिली. त्यानं मागितली नव्हती. हे मी तुला आजवर कळवलं नव्हतं, पण तुझ्याच साच्यांनी तुझ्या लेकीची रेघ हलते आहे, हे तुला माहीत नसणं बरं नाही.

आई


घटस्थापना

उत्तमा,

नलूनं तोड काढली होती. होती म्हणते, कारण सकाळी होती आणि संध्याकाळी मोडली.

एक सोमवार पुरत नाही. पेशी बसणार, स्थिर होणार, खायला लागणार, मग पाणी आंबणार. त्याला एक अख्खा दिवस आणि दुसऱ्याचा बराचसा लागतो. मिलच्या तिन्ही पाळ्या चालतात, म्हणजे रात्रीचीही सोय नाही. लॅबोरेटरीला दुसरी खोली नाही, नवीन इमारत अजून खांबांवरच आहे. मग हिनं कॅलेंडर काढलं आणि माझ्यापुढं नाचवलं. खंडेनवमीला दुपारी मिलमध्ये यंत्रांची पूजा होते, पूजलेलं यंत्र त्या दिवशी कुणी चालवत नाही, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. सबंध खातं गप्प. साहेब यायच्या आधीची तेवढी एकच संधी.

यावर माझं नि तिचं भांडण झालं. मी म्हटलं, खंडेनवमीला तुझ्याही काडीची पूजा होईल आणि तिलाही विश्रांती मिळेल. संपानंतर या घरात पूजेला हत्यार असं उरलंच नाही. तुळशीदास मिलमध्ये फूल वाहतो ते वाहतो, पण घरी पाट मांडत नाही, तुझ्यानंतर. आता घरात नवीन यंत्र आलंय तर मी ते पूजल्याशिवाय राहणार नाही. ती म्हणाली, "आजी, तू पूज, पण ती थांबवता येणार नाही. त्याच दिवशी तर ती चालायला हवी. पेशी जिवंत आहेत, त्या काय तिथी बघून खायचं सोडतील?"

मी दुपारभर रुसले. भांडी आपटून घासली. मग मला आपल्या गावचा राखणदार आठवला. वेशीवरचा देव. लोक नांगर पूजतात, कोयता पूजतात, त्या दिवशी नांगर धरत नाहीत की कोयता उचलत नाहीत, पण राखणदाराला कुणी कधी सुट्टी दिलीय का? तो सगळ्या सणांना जागाच असतो. काडीचं काम काय, नुसतं शेजारी बसून लक्ष ठेवायचं. ती यंत्र नाहीच, ती राखणदार. असं मी नलूला सांगितलं. ती म्हणाली, "हे मी मॅडमना इंग्रजीत कसं सांगू?" पण खूश झाली.

आणि संध्याकाळी तुळशीदास आला तो पाटीची बातमी घेऊन. गेटवर लागलीय. परदेशची ऑर्डर आहे, पूजा थोडक्यात उरकायची, पूजा होताच साचे चालू. दसऱ्यालाही जो येईल त्याला जादा.

नलूनं ओच्यातला कचरा झटकावा तसं कॅलेंडर झटकून खिळ्याला लावलं.

तुळशीदासनं भाजी संपवली, ताट धुतलं. तू भांडायचास तेव्हा तुझ्या मनात काय आहे ते गल्लीच्या टोकापर्यंत कळायचं. याचं कळत नाही. संपात कामावर गेला त्या दिवशीही असाच गप्प होता. नलूच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं ते. एवढंच लिहिते. पुढचं तू जोड, नाहीतर नको जोडूस.

आई


खंडेनवमी, दिवे लागायच्या आधी

उत्तमा,

सकाळची गंमत आधी. काडीची पूजा करायची तर काडी घरी हवी. नलू म्हणाली, चांगली काडी घरी येणार नाही आणि हळदीकुंकू लॅबोरेटरीत जाणार नाही, हळदीची एक चिमूट उडाली तरी मॅडम मला बाहेर काढतील. घरी होत्या त्या मोडक्या काड्या. मोडकं तर पूजत नाहीत. मग उरलं काय? स्कूटरची एक जादा ट्यूब. तीच पुसली, हवा भरली, पाट मांडला, रांगोळी काढली, झेंडू वाहिला. चंपा मीठ मागायला आली नि दारातच थबकली. "शेवंते, स्कूटर कधी घेतलीस?" मी म्हटलं, "टायर आले की सांगते." तिनं तरी नमस्कार केला. म्हणाली, राहू दे, कशाचाही उपयोग होतो.

नलूनं पहाटेच जाताना सांगितलं होतं, "आजी, मी काडी उतरवणार. साचे चालले तर चालले. न उतरवता बसले तर मलाच कळणार नाही मी कशाला बसले." तिचं बोलणं कधी कधी अगदी तुझं असतं.

आता ऐक. मघाशी अप्पा येऊन गेला. खालच्या मजल्यावरचा, तुळशीदासच्याच खात्यातला. तुळशीदास अजून आला नाही आणि आला तरी सांगणार नाही, म्हणून अप्पानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

पूजा झाली. नारळ फुटला. साहेब म्हणाला, चला, चालू करा. तुळशीदासनं साच्यावरचं फूल नीट केलं आणि साच्यापुढं खाली मांडी घालून बसला.

साहेब म्हणाला, "काय झालं?"

"पूजलेलं यंत्र आहे. उद्या दसरा झाला की चालेल."

"पाटी वाचली नाहीस?"

"वाचली."

"अरे, तू? तू तर संपात पण आला होतास."

अप्पा म्हणाला, त्या वेळी सगळं खातं त्याच्याकडं बघत होतं. पाच वर्षं त्या खात्यात हे वाक्य कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. सगळेच त्यातले, बोलणार कोण कुणाला?

तुळशीदास म्हणाला, "आलो होतो. आज नाही चालवत."

एवढंच. दुसरं भाषण नाही. नलूचं नाव नाही, काडीचं नाव नाही. मग शेजारच्या रांगेतला एक जण बसला. मग अप्पा बसला. अप्पा म्हणतो, गुडघा दुखत होता म्हणून बसलो, पण हे सांगायला जिना धावत चढून आला. मग सगळी भिंतीकडची बाजू बसली. साहेब बराच वेळ उभा राहिला, मग निघून गेला. साचे गप्प आहेत, उत्तमा. तुझी रांगही गप्प आहे.

मी आता तेल घालून दिवा लावते.

आई


दसऱ्यानंतरचा रविवार

उत्तमा,

लिफाफ्यातून कागदाची पट्टी निघाली असेल ती फेकू नकोस. उजेडात धर. मधोमध निळी रेघ आहे ना, ती नलूची. नवमीच्या दुपारपासून दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत काडी पेशींच्या पायाशी होती आणि एकदाही हलली नाही. रात्रपाळीनंही पूजलेल्या साच्यांना हात लावला नाही आणि दसऱ्याचं जादा घ्यायला कुणी गेलं नाही. नलू आणि मॅडम पाळीपाळीनं बसल्या होत्या. सोनं द्यायला घरी आली तेव्हा मुलीच्या डोळ्याखाली काळं आणि चेहरा असा की मी आपट्याचं पान तिच्या हातात द्यायचं सोडून गालावर लावलं.

खरा कागद लॅबोरेटरीत. ही त्याच्या नकलेचा तुकडा, अख्खी नक्कल केवढी लांब. आज दुपारी ती आम्ही गॅलरीत उलगडली. आपल्या दारापासून थेट नळापर्यंत गेली. एका टोकाला चंपा, दुसऱ्या टोकाला अप्पा, वाऱ्यानं उडू नये म्हणून मध्ये लोकांच्या चपला. सगळी चाळ बाहेर. नलू कागदाच्या कडेनं चालत सांगत होती. इथं पेशी नुसत्या बसल्यात. बघा, रेघ सपाट. इथं जरा खाली. इथून पुढं उतार, म्हणजे खायला लागल्या. आणि इथं एकदम खाली, कारण ही कॅन्सरची बाटली. वरचं पाणी तेव्हा अजून गुलाबी होतं, डोळ्याला काहीच कळलं नसतं, पण पायाशी सगळं आंबून गेलं होतं.

चंपा म्हणाली, "म्हणजे पेशी जेवायला बसल्या आणि तू त्यांच्या पंगतीचा फोटो काढलास."

नलू म्हणाली, "हो मावशी. हे मॅडमच्या वाक्यापेक्षा बरं आहे."

मग चंपा एवढी फुगली की आज संध्याकाळी मीठ तिनं स्वतःच्या घरातलं वापरलं.

तुळशीदास मागं, जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. नलूनं त्याला हात धरून आणलं, सपाट रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "काका, हे तू." तो वाकून बराच वेळ बघत होता. बोट लावलं नाही, घामट असतं म्हणून. मग म्हणाला, "एवढी सरळ रेघ मी आयुष्यात कधी मारली नाही."

त्याला मिलनं पंधरा दिवस बसवलंय. अप्पालाही. मी मुद्दाम एका ओळीत लिहिते, कारण तोही एका ओळीतच बोलला. घरी आहे तर माळा साफ करतोय. त्याला चाळीतली माणसं हाक मारून बोलतात, जी इतकी वर्षं नुसती मान हलवायची. काल खालचे तात्या, जे संपात शेवटपर्यंत बाहेर राहिले आणि पुन्हा कामावर घेतलेच गेले नाहीत, ते वर आले आणि याच्याकडे तंबाखू मागितली. यानं दिली. दोघं कठड्यापाशी उभे राहिले, काही बोलले नाहीत. मी आत बसून सगळं ऐकलं, म्हणजे काहीच ऐकलं नाही.

तू काय करायचं ते मी सांगत नाही. दिल्लीचे साहेब अजून यायचेत. मी फक्त पट्टी पाठवली आहे.

आई


वसुबारस उद्या

उत्तमा,

दिल्लीचे साहेब आले आणि गेले. तीन जण होते. नलू म्हणते, त्यातला सगळ्यात म्हातारा कागदावर वाकला तो उठेचना. मग म्हणाला, असली स्थिर रेघ मिलच्या भिंतीशी कशी काढली? नलूनं सांगितलं, साचे दोन दिवस बंद होते. का बंद होते, असं त्यानं विचारलं. नलू म्हणाली, माझ्या काकांनी चालवले नाहीत. त्या साहेबाला काय समजलं देव जाणे, पण त्यानं ते लिहून घेतलं. जागा तीन वर्षं पक्की. कालच कागद आला. मॅडमनी सगळ्यांना पेढे वाटले, नलूनं माझा वाटा रुमालात बांधून आणला, चुरा झाला होता, चुऱ्याला जास्त चव असते.

हे तुला तार करून कळवणार होते. पण त्याआधीच पोस्टमन आला.

खालून हाक आली, "तुळशीदास." मी गॅलरीतून टोपली सोडली. वर आलं ते निळं आंतर्देशीय पत्र. अक्षर बघितलं आणि मी खाली पाटावरच बसले. पाच वर्षांत तुझं अक्षर या घरात आलं नव्हतं. बकुळाचं यायचं. आणि आलं ते माझ्या नावावर नाही. मी रागावलेले नाही. उजेडाकडं धरून बघितलं, आतलं काही दिसलं नाही, तू घडी नेहमी घट्ट घालतोस.

तुळशीदास माळ्यावरून उतरला. हात पुसले. पत्र फाडलं नाही, सुरीनं कडेनं उघडलं. उभ्यानंच वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मी म्हटलं, "काय लिहितो?"

"नलू तिथंच राहू दे, म्हणतो. पट्टी भिंतीला लावलीय."

"आणि पुढं?"

"पुढचं माझं आहे, आई."

बरं बाबा. तुझं तर तुझं. पुढचं किती लांब होतं ते मला मागून दिसलं. कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता आणि कडेलाही आडवं लिहिलेलं होतं. तू तोंडानं तर एवढं कधी बोलला नाहीस, भांडणाशिवाय. नलू कामावरून आली तेव्हा त्यानं तिलाही दाखवलं नाही. तिनं नुसतं त्याच्याकडं बघितलं आणि चहा ठेवला. आज चहात साखर दोनदा पडली. सगळ्यांनी तसाच प्यायला.

जेवण झाल्यावर तो कोरा कागद घेऊन बसला. कपाळाला आठ्या. मला म्हणतो, "आई, मोठ्या भावाला वरती काय घालतात?"

"तीर्थस्वरूप."

"ते फार लांबचं वाटतं."

"मग नुसतं दादा लिही."

त्यानं दादा लिहिलं. सुरेख लिहिलं, काना अगदी सरळ. आणि तेव्हापासून त्या एका शब्दाकडं बघत बसलाय. तेवढ्यात मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि तुला हे लिहून काढलं, कारण घरात पेन एकच आहे. नलू लॅबोरेटरीतून आणते ती काचेवर लिहायची, कागदावर फुटतात.

आता त्यानं हात पुढं केलाय. देते.

आई